तीर्थ घेतलेले मणी

आमच्या जीवरसायन प्रयोगशाळेत खंडेनवमीला उपकरणांची पूजा होत असे. तराजू, सेंट्रिफ्यूज, पीएच मीटर, सर्वांना हळदकुंकू लागे. १९८२ च्या नवमीला माझे मार्गदर्शक देवराव सर यांनी माझे काचेचे मणीही पाटावर मांडले. साबुदाण्याएवढ्या त्या मण्यांवर मी पॉलिलायसिनचा लेप चढवला होता. लेपाचा भार धन, डीएनएचा ऋण. म्हणून डीएनएने मण्यांना बिलगावे, एवढाच माझा प्रबंध. निदान काचेवर तरी कुणी कुणाला बिलगावे, अशी त्या वयातील माझी अपेक्षा होती.

सरांनी मण्यांवर पळीभर दूधपाणी ओतले. "चिकटू दे रे बाबा. इज्जत राख."

मी दाराशी गप्प उभा होतो. आमच्या घरी छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून पूजा नव्हती. मी रसायनशास्त्र बोललो असतो, तरी सर्वांना त्यात धर्मच ऐकू आला असता. माझी सहकारी शामला हिने नंतर मणी धुऊन ठेवले.

दसऱ्याचा दिवस दीक्षाभूमीवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे काम तपासायला तज्ज्ञ येणार होते. डीएनए चिकटले नाही, तर माझी शिष्यवृत्ती बंद. सकाळी सरांसमोर, त्यांच्याच सांगण्यावरून, मी पूजेतले मणी डीएनएच्या द्रावणात घोळवले, मग द्रावणात किती डीएनए उरले ते मीटरवर मोजले. काटा ढिम्म. सारे डीएनए द्रावणातच, नवरी पळून गेलेल्या मांडवातल्या वऱ्हाडासारखे.

"लेप बिघडवला गा तू," सर म्हणाले.

"सर, दूध."

"काय दूध?"

"पूजेतले. त्यातल्या प्रथिनाने लेपावरची जागा आधीच अडवली. धुतल्याने ते सुटत नाही."

सरांचा आवाज खाली आला. "तुमच्यात चालत नाही म्हणून बोलून राहिला का?"

ज्या वाक्याच्या भीतीने मी दाराशी उभा राहिलो होतो, ते हेच.

"नाही सर. दुधातल्या केसीनचा भार ऋण आहे, म्हणून बोलतो आहे."

शामलाने फ्रिजमधून उरलेल्या मण्यांची बाटली आणली. "याइले तीर्थ नाही भेटलं, सर. पाहून घ्या ना, रागावता काहून?"

सरांनी स्वतः मणी घोळवले, स्वतः मोजले. काटा संध्याकाळ उतरावी तसा सावकाश खाली आला.

"दुधाचं प्रकरण प्रबंधात टाक," सर म्हणाले. "पूजेचं लिहू नको."

"मग दूध कुठून आले म्हणून लिहू?"

"चहाचं लिही."

शिष्यवृत्ती टिकली. पुढच्या नवमीला सरांनी माझे मणी कपाटात कुलूपबंद केले, किल्लीला हळदकुंकू लावले, आणि ती माझ्या हाती दिली.