गाडी उघडी होती

प्रज्ञेश तेजलच्या कमरेवर तळहाताने दाब देत होता. तिने त्याचा हात झटकून टाकला आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली,

"मला दवाखान्यात ने."

त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. हे वाक्य येणार हे त्याला ठाऊक होतं. पोट दिसायला लागल्यापासून तेजल त्याच्याकडून या दिवसाची तयारी करून घेत होती. दाब कुठे द्यायचा, पाणी कधी पाजायचं, तोंड कधी बंद ठेवायचं. आणि कळा वाढल्यावर ती दवाखान्यात ने म्हणेल, तेव्हा न्यायचं नाही. "ते मी नसेन बोलत, कळा बोलत असतील. फक्त अनिताताई म्हणाल्या तरच निघायचं." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

द्यायला कारणही तसंच होतं. थोरल्या सृष्टीच्या वेळी दवाखान्यात तिला एकटीला टेबलावर झोपवलं, काही न सांगता सुया टोचल्या, ओरडली तर दटावलं, आणि प्रज्ञेशला दाराबाहेर उभं केलं. पोरगी सुखरूप आली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण तेजल पुढे कितीतरी महिने झोपेत दचकून उठायची. आता सृष्टी परंदवडीला मावशीकडे होती आणि हे बाळ कुरवंड्यातल्या या घरात, औषध-सुईशिवाय, आपल्या माणसांत यावं एवढंच तेजलला हवं होतं.

"ऐकतोयस ना? ने मला!"

प्रज्ञेशने अनिताताईंकडे पाहिलं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बाळंतपणं करण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातल्याशिवाय त्या इथे यायला तयार झाल्या नव्हत्या. त्यांनी पोटावर यंत्र टेकवलं. खोलीभर टकटक ऐकू आली.

"ठोके छान आहेत," त्या म्हणाल्या. "इथं राहिलात तरी चालेल. निघालात तर पोचालही बहुतेक."

"मग मी काय करू?"

"काळजीचं असतं तर मीच निघा म्हटलं असतं. बाकीचं तुम्ही दोघांनी बघा. मी मधे पडणार नाही."

झालं. म्हणजे होतं तेवढंही डोकं चालेनासं झालं. प्रज्ञेश लोणावळा स्टेशनवर टॅक्सी चालवायचा. मागे बसलेला माणूस सांगेल तिकडे गाडी न्यायची, अर्ध्या वाटेत त्याने बेत बदलला तर निमूट वळवायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पण 'मी सांगेन तिकडे नेऊ नकोस' असं सांगून ठेवणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. कालची तेजल खरी की आताची? कालचीचं ऐकावं तर आताची तळमळतेय. आताचीचं ऐकावं तर उद्या ती विचारणार, शब्द दिला होतास ना? तो पाणी आणतो म्हणून बाहेरच्या खोलीत आला. पाणी आतच होतं.

बाहेर त्याची आई, भामाबाई, किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी होती. तिने तो त्याच्या हातात कोंबला.

"कपाट उघड आदी."

"कशाला?"

"घरात कुलूप आसलं की बाई आडती. समदं उघडं पायजे."

"आई, आपण मानत न्हाई हे असलं."

"न्हाईच मानत," भामाबाई म्हणाली. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि तिच्या खाली प्रज्ञेशच्या वडिलांचा फोटो. असल्या गोष्टींना त्यांनी हयातभर घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. भामाबाईने फोटोकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "तुजं बाबा आसतं तर वरडलं आसतं माज्यावर. पन उघडं ठिवायला काय जातंय?"

हाताला काहीतरी काम मिळालं, याचंच त्याला बरं वाटलं. त्याने कपाट उघडलं, पत्र्याची पेटी उघडली, मागचं दार सताड उघडलं. भामाबाईने डब्यांची झाकणं काढली, आपला अंबाडा सोडला आणि परसातल्या शेळीचं दावंही सोडलं. शेळीने क्षणभर विचार केला आणि शेजाऱ्यांच्या मेथीत शिरली.

रविवार असल्याने नागफणीच्या कड्याकडे जाणारे पर्यटक रस्त्यावर होते. इतकी उघडी दारं पाहून पाठीवर बॅगा लावलेलं एक जोडपं अंगणात आलं.

"दादा, होमस्टे आहे का? नाश्ता मिळेल?"

प्रज्ञेश काही बोलणार तेवढ्यात आतून तेजलची अशी आरोळी आली, की दोघंही नाश्त्याचं विसरून रस्त्याला लागले.

"गाडी ऱ्हायली," भामाबाई म्हणाली.

"गाडी काय घरात हाय का आई?"

"दारात हाय न्हवं? उघड!"

त्याने वाद घातला नाही. चारही दारं उघडली, डिकी उघडली, हात लागला म्हणून बॉनेटही उघडलं. मग मागे सरून, धुवायला काढल्यासारख्या दिसणाऱ्या त्या गाडीकडे तो खुळ्यासारखा बघत राहिला.

तेवढ्यात तेजल उंबऱ्यात आली. एक हात अनिताताईंच्या खांद्यावर, केस कपाळाला चिकटलेले. तिने गाडी पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता की आणखी काही, त्याला समजलं नाही. ती सावकाश चालत आली, मागच्या सीटवर चढली, गुडघ्यांवर बसली आणि सीटची पाठ दोन्ही हातांनी कवटाळली.

प्रज्ञेशने धावत जाऊन बॉनेट पाडलं आणि स्टिअरिंगवर बसला.

"निघू?"

त्याने किल्ली लावली.

"तेजल, निघू का?"

"थांब."

"थांबू म्हणजे... जायचंय ना?"

"थांब म्हटलं ना!"

"आता कुठं निघताय?" मागच्या दारातून अनिताताई म्हणाल्या. "डोकं दिसतंय. भामामावशी, चादरी आणा. तुम्ही किल्ली काढा ती."

त्याने किल्ली काढली. मागे वळून बघायचा धीर होईना, म्हणून बंद गाडीचं स्टिअरिंग तो घट्ट धरून बसला. मागून तेजलचा एक लांब, खोल, तिचा न वाटणारा आवाज आला. आणि मग बाळ रडलं.

प्रज्ञेशने कपाळ समोर टेकलं, ते नेमकं हॉर्नवर, आणि गाडी अशी बोंबलली, की शेजाऱ्यांच्या मेथीतली शेळी आपणहून घरी आली.

"मुलगा," अनिताताई म्हणाल्या. "आणि बापाला कुणीतरी आवरा."

दुपारी ऊन अंगणातून सरलं. बाळंतीण घरात होती, बाळ तिच्या छातीशी. अनिताताई स्वयंपाकघरात चहा पीत होत्या. भामाबाई एकेक कुलूप पुन्हा लावत फिरत होती. प्रज्ञेश कॉटच्या कडेला बसला.

"खरंच जायचं होतं का तुला?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," तेजल म्हणाली. "खरंच नाही माहीत. ने म्हणत होते, आणि नेशील की काय, म्हणून भीतीपण वाटत होती." ती बाळाच्या टाळूकडे बघत राहिली. "मग बाहेर आले तर गाडी सगळी उघडी. वाटलं, ह्यानं शब्द मोडला. माझ्यासाठी मोडला. मग जायची गरजच वाटेना."

तिचे डोळे भरून आले.

"मागच्या वेळी कुणीच ऐकलं नव्हतं रे माझं. तू ऐकलंस."

प्रज्ञेशने तोंड उघडलं. कपाटापाशी किल्ल्यांचा आवाज थांबला होता. त्याने आईकडे पाहिलं.

"तेजल, ते गाडीचं... आईनं..."

"मी सांगत व्हते त्येला, नगं उघडू म्हून," भामाबाई मधेच म्हणाली. "ऐकतोय व्हय कुनाचं!"

तिने कपाटाचं कुलूप लावलं, जुडगा कमरेला खोचला आणि फोटोकडे न बघता शेळी बांधायला बाहेर गेली.

तेजलने हात पुढे केला होता. तो आपण धरावा की नाही, हे प्रज्ञेशला कळेना. थोड्या वेळाने त्याने धरला.