पांढऱ्या रुईची हाक

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या भादव्यातली गोष्ट. महागावच्या अलीकडे एका तांड्यात नेमसिंग तापाने खाटेला खिळला होता. नाल्याला पूर, डॉक्टरकडे न्यायची सोय नाही. पण त्याची बायको रुपीबाई काही हात टेकणाऱ्यातली नव्हती. पाल्या-मुळीतलं तिच्याएवढं तांड्यात कोणाला कळत नव्हतं, अन् त्याची तिला घमेंडही होती, खोटं कशाला बोला.

सांजेला तिने नाल्याकाठच्या पांढऱ्या रुईला हळद-तांदूळ वाहून आवतन दिलं, "पहाटे येतो मी. माह्या माणसासाठी चाल."

याचा नियम कडक. मुळी उपटली की आजाऱ्याच्या दंडाला बांधेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. झाड ओळखीच्या आवाजात हाका मारतं. ओ दिली की मुळीही गेली अन् माणूसही.

फटफटायच्या आधी ती निघाली, तेव्हा नणंद हंसाबाई भावाच्या उशाशी बसली होती. रुपीबाईने मुळी उकरली, पदरात घेतली अन् परतली.

"भाबी." मागून आवाज आला, थेट हंसाबाईचा.

वा रे रुई, लय हुशार हायेस, रुपीबाई मनात म्हणाली. हंसा तर घरी बसून हाये.

"भाबी, मले पान लागलं. थांब ना वं." साप चावला तरी आपल्याकडे कोणी त्याचं नाव घेत नाही, पान लागलं म्हणतात.

तिसरी हाक रडवेली होती. झाड रडतं, हे रुपीबाईला कोणी सांगितलं नव्हतं. ती थबकली. पण नवऱ्याचा चेहरा डोळ्यापुढे आला अन् ती दात आवळून चालत राहिली.

घरी आली तर उशाशी कोणी नाही.

"हंसा भेटली ना तुले?" नेमसिंग पुटपुटला. "भाबी एकटीच गेली म्हणे, अन् निघाली तुह्या मागं."

रुपीबाईला तिन्ही हाका आठवल्या. तरी तिने आधी मुळी बांधली, दोन गाठी मारून, नीट. मग बाहेर येऊन बोंब ठोकली. माणसं धावली, पण हंसाबाई रुईजवळ थंड पडली होती.

तिसऱ्या दिवशी नेमसिंगचा ताप उतरला. हंसाबाईचं दिवसपाणी झाल्यावर त्याने विचारलं, "हंसानं आवाज नाही देल्ला तुले?"

"नाही," रुपीबाई म्हणाली.

तेव्हापासून पहाटे चूल पेटवता पेटवता ती मधेच ओ देते. "कोणाले ओ देऊन राह्यली वं?" नेमसिंग विचारतो. "कोणाले नाही," ती म्हणते, अन् थोड्या वेळाने पुन्हा ओ देते.