मोठ्यानं बोलायचं नाही

रिसॉर्टमध्ये शिरण्याआधी लॉजच्या मोरीतच पोरीचे केस ओले करायचे, ही योगेशची युक्ती होती. केस ओले आणि खांद्यावर टॉवेल असला की फाटकावरचा माणूस काही विचारत नाही, असं तो म्हणायचा. मागच्या दिवाळीत गणपतीपुळ्याला त्यानं हे करून पाहिलं होतं. राहायला गावातली साधी खोली आणि दिवसभर बसायला समुद्रालगतच्या मोठ्या हॉटेलच्या खुर्च्या. तिथला पोऱ्या तर त्यांना थंड पाणीही विचारून गेला होता. अकोल्याच्या भाजीबाजारात योगेशनं हा किस्सा इतक्यांदा सांगितला की त्याच्या बायकोला, वर्षालीला, तो पाठ झाला होता.

तिला ते रुचत नव्हतं, पण ती तसं कधी बोलली नाही. वर्षभर पहाटे उठून बाजारात उभा राहणारा नवरा चार दिवस खूश असतो, त्यात आपण खोडा कशाला घालायचा, असं तिला वाटे.

यंदा उन्हाळ्यात ते चिखलदऱ्याला आले. सोबत त्यांची चौथीतली करिश्मा होती आणि तेल्हाऱ्याहून आणलेली योगेशची आई, माणिकबाई. म्हातारीचा सारा जन्म मळ्यात वांगी, मिरच्या आणि झेंडू लावण्यात गेला होता. तिथं मे महिन्यातही अंगावर पांघरूण घ्यावं लागतं, हे तिला एकदा दाखवायचं होतं.

रिसॉर्टकडे जाताना योगेशनं बायकोला आणि पोरीला समजावलं. मोठ्यानं बोलायचं नाही. कोणाला हाका मारायच्या नाहीत. कोणी खोली विचारली तर हसून वरच्या मजल्याकडे हात करायचा. आईला मात्र त्यानं यातलं काही सांगितलं नाही. तिथला पोहायचा तलाव आपल्या लॉजवाल्याचाच आहे, एवढंच म्हणाला. म्हातारीनं मान डोलावली.

फाटकावर खरंच कोणी अडवलं नाही. योगेश एका लांब खुर्चीवर आडवा झाला आणि तोंडावर टोपी ओढून घेतली. माणिकबाई छत्रीच्या सावलीत बसली. करिश्मा कडेचा दांडा धरून उथळ पाण्यात उतरली आणि वर्षाली काठावर पाय सोडून बसली, साडी गुडघ्यापर्यंत आवरून. इथं आपण शोभत नाही हे सगळ्यांना दिसतंय, असं तिला सारखं वाटत होतं.

समोरच्या काठाला अमरावतीचं एक जोडपं होतं, अमोल आणि प्राजक्ता. त्यांची तीन-चार वर्षांची मुलगी हवेच्या रबरी चक्रात बसून पाण्यावर तरंगत होती. अमोल काहीतरी आणायला खोलीत गेला. प्राजक्ताचा फोन वाजला, ती उठली आणि पाठ फिरवून बोलू लागली. तेवढ्यात ते चक्र कलंडलं. मुलगी चक्रातून निसटून खाली गेली. पाण्यावर नुसतं चक्र राहिलं, आणि पाण्याखाली तिचा पिवळा झगा.

वर्षालीनं हे सारं पाहिलं. हाक घशाशी आली आणि तिथंच थांबली. ओरडलो की सगळे बघतील, माणसं धावत येतील, तुम्ही कोण म्हणून विचारतील. हे सारं तिच्या मनात शब्दांनी आलं नाही. पण आलंच नाही असंही तिला पुढे कधी म्हणता आलं नाही. तिचे हात काठ धरून राहिले, आणि तिची नजर त्या पिवळ्या झग्यावर.

मग तिच्या शेजारून कोणीतरी धाडकन पाण्यात उतरलं. ती माणिकबाई होती. लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यातून ती चालत गेली, तिनं पोरीला दंडाला धरून वर ओढलं, पालथं केलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. मुलीच्या तोंडातून पाणी आलं. मग ती रडली.

पुढं नुसता गोंधळ झाला. प्राजक्ता किंचाळत आली, अमोल पळत आला, मॅनेजर आला. त्यानं माणिकबाईपुढे हात जोडले आणि कोरडे टॉवेल पाठवायला खोलीचा नंबर विचारला. योगेश खुर्चीवरून उठून उभा होता, पण त्याला बोलायला वेळच मिळाला नाही.

"आमी तर बसस्टँडापाशी लॉजवर राहून राह्यलो," माणिकबाई म्हणाली. "हे बी त्याच मालकाचं व्हय ना?"

मॅनेजरनं योगेशकडे पाहिलं. योगेशनं मान खाली घातली. अमोलच्या ध्यानात सारं आलं असावं. हे सगळे आजपासून माझे पाहुणे आहेत, असं त्यानं मॅनेजरला सांगितलं आणि विषय तिथंच मिटवला. दुपारी अमोल-प्राजक्तानं या सगळ्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. प्राजक्तानं माणिकबाईचे केस स्वतःच्या हातानं पुसून दिले. मग ती वर्षालीजवळ येऊन बसली आणि तिचा हात धरून रडली. फोनवर बोलत राहिले, पोटच्या पोरीवर माझं लक्ष नव्हतं, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. वर्षाली तिच्या हातावर थोपटत राहिली.

परतताना माणिकबाईनं लेकाला विचारलं, "मले खोटं सांगून कावून नेलं?" त्यानं हसण्यावारी नेलं. करिश्मा मागं रेंगाळत आईसोबत चालत होती.

"आई, तू पायत होती ना?"

वर्षाली थांबली. "हो."

"मंग ओरडली कावून नाही? बाबानं नाही म्हनलं होतं म्हनून?"

आयतं उत्तर पोरीनंच पुढं केलं होतं. वर्षालीला ते घेववलं नाही. "नाही. मी भेली," ती म्हणाली. करिश्मानं पळत पुढं जाऊन आजीचा हात धरला.

अकोल्याला आल्यावर योगेशच्या किश्शात भर पडली. आता त्यात आई होती, आणि पाहुणचार करणारी अमरावतीची मोठी माणसं होती. अमोलनं नंबर घेतला होता. जूनमध्ये प्राजक्ताचा फोन आला. मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी यायचं, असं तिनं सांगितलं. मग तिचा आवाज उतरला. घरात सासू अजून बोलते, म्हणाली. रात्री झोप लागत नाही. तेवढ्या माणसांत एकाचंही लक्ष माझ्या पोरीकडे कसं नव्हतं, हेच मनात येतं.

वर्षाली मेथी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली.

"ताई, माहं लक्ष होतं," ती म्हणाली. "पोरगी पान्यात गेली ते मी पायलं. आमी चोरून आलो होतो, म्हनून मी आवाज नाही देल्ला."

"तुम्ही पाहत होता?" प्राजक्तानं विचारलं. वर्षालीनं हो म्हटलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

आठवड्यानं योगेशनं विचारलं, वाढदिवसाला काय न्यायचं. जायचं नाही, वर्षाली म्हणाली, आणि काय झालं ते तिनं त्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन भिंतीला टेकला.

"कोनाले मालूम नव्हतं," तो म्हणाला. "सांगाची काय गरज होती?"

दोष आपल्या एकटीचा नव्हता हे कळल्यावर त्या रात्री तरी प्राजक्ताला झोप लागली असेल का, एवढाच विचार वर्षालीच्या मनात होता. ते कळायला आता काही वाट नव्हती. अमरावतीहून पुन्हा फोन आला नाही.