लेप न लागलेला तुकडा

मी निकेलचा एक जुना, काळवंडलेला तुकडा आहे. नखाएवढा चौकोन, अंगभर भोके. प्रयोगशाळेत मला फोम म्हणतात. हातात घेतलेत तर स्पंजच वाटेन, आणि ते अगदीच खोटे नाही. कारखान्यात एका मऊ स्पंजावर निकेलचा थर चढवला, मग भट्टीत स्पंज जळून गेला आणि त्याच्या आकाराचे आम्ही उरलो.

मित्रांनो, आमच्या मोठ्या, पानासारख्या पातळ पत्र्याचे कात्रीने तुकडे केले ते प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या चिमीने. ही तिची घरची हाक. तिचा दादा फोनवर तीच हाक मारायचा, म्हणून तीच माझ्या कानात बसली. दादा बस चालवायचा. एकदा भर रस्त्यात बसची वीज गेली, आत धूर झाला आणि दार काही उघडेना. त्याने काच फोडून माणसे बाहेर काढली. त्याची उजवी मूठ अजून नीट मिटत नाही.

पुढे बसच्या कारखान्याने चिमीच्या प्रयोगशाळेला काम दिले. वीज गेली तरी दार एकदा पूर्ण उघडेल, असा सुपरकपॅसिटर हवा होता. बॅटरी सावकाश भरते आणि सावकाश देते. हा पटकन भरतो आणि लागेल तेव्हा एका दमात देऊन टाकतो. त्याच्या पोटात दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यावर लेप कशाचा द्यायचा, हे चिमीने ठरवायचे होते. एकीकडे साधा कोळसा, दुसरीकडे कोबाल्टचे ऑक्साइड.

"दार उघडलं नाही ना चिमे, तर ढकलायला तुलाच बोलावीन," दादा म्हणाला.

"ये म्हण, बाह्या सरसावून येते," चिमी म्हणाली.

माझ्या भावंडांवर कोबाल्टचा लेप चढला. माझी पाळी येण्याआधी द्रावण संपले, म्हणून मी खणातल्या डबीत गेलो. भावंडांचे मात्र कौतुक सुरू झाले. किती विद्युतभार साठला ते पाहायचे आणि त्याला लेपाच्या वजनाने भागायचे, अशी तिथली रीत. लेप तांदळाच्या दाण्याहूनही हलका, त्यामुळे आकडा फुगून आला. कोळशाच्या तिप्पट! चिमीच्या मार्गदर्शक बाई खूश झाल्या आणि त्यांनी कारखान्याला कळवूनही टाकले.

मग एके सकाळी धुताना एका भावंडाचा लेप पापुद्रे सुटून पाण्यात गेला. असा तुकडा टाकून देतात. चिमीने चिमट्याने उचलला, कचऱ्यापर्यंत नेला आणि परत आणला. "बघू तरी," असे पुटपुटत तिने तो तसाच यंत्राला लावला.

लेप गेला होता. साठा जेमतेम कमी झाला होता.

तिने खण उघडला. मला भावंडांसारखेच भट्टीत तापवले, मोजताना त्यांना बुडवले होते त्याच अल्कलीच्या द्रावणात बुडवले आणि यंत्राला लावले. तिथे माझ्या अंगावर निकेलच्याच ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि तोही विद्युतभार साठवतो. पडद्यावरची रेघ वर चढत गेली. कोबाल्टच्या नावावर मांडलेला बहुतेक साठा आमच्या निकेलचाच निघाला. लेप वाढवला तरी निकेलचा हा वाटा वाढत नाही; त्या आकड्यावर विसंबून बसचा साठा बेतला असता, तर दार अर्धे सरकून अडकले असते.

चिमी मला बशीत घालून बाईंकडे गेली.

"बाई, कोबाल्ट नाही घेता येणार."

"अगं, कळवून झालंय त्यांना! आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"साठा फोमचा आहे. आपण कोरा फोम कधी मोजलाच नाही."

बाईंनी माझी आणि भावंडांची, अशा दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि चष्मा काढला. "म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. आणि आपण त्याला दूध पाजत बसलो." मग म्हणाल्या, "फोन मी करते. तू कोळसा घे."

कोळशाचा लेप ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसतो. या वेळी चिमीने आधी कोरा पत्रा मोजला. त्यात साठा जवळजवळ नव्हताच. मग जाड लेप दिला. आकडा लहान आला, पण सगळा कोळशाचा स्वतःचा. हजारो वेळा भरला, रिकामा केला, तरी तो ढळला नाही. आकडा लहान म्हणून कोळसा जास्त लागतो आणि सुपरकपॅसिटरचा डबा मोठा होतो, यावर कारखान्याने कुरकुर केली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि डबा मोठाच ठेवला.

चाचणीच्या दिवशी चिमीने फोन माझ्या बशीशेजारी ठेवला. पलीकडे चाचणी पाहायला गेलेला दादा आणि बसच्या आवारातला गोंगाट होता.

"तोडला बघ पुरवठा," दादा म्हणाला. मग खर्रर्र आवाज झाला. "उघडलं! भिंतीला टेकेपर्यंत उघडलं! चिमे, तुझं ढकलायचं काम गेलं हो!"

चिमीने नुसती मान हलवली, जणू फोनमधून ती दादाला दिसणार होती.

मित्रांनो, एकदा द्रावणात उतरल्यावर मी कोरा राहिलो नाही. माझा आता काही उपयोग नाही, तरी फळीवरच्या बशीत मला जागा आहे. नवे पान कापले की चिमी पहिला तुकडा लेप न लावता मोजायला बाजूला काढते. तुम्हीही काही पारखायला बसाल, तेव्हा ज्याला काहीच लावलेले नाही असा एक तुकडा जपा, आणि शाबासकी देण्याआधी त्यालाही विचारा. तो फार तर तुमचा आकडा लहान करील. पण दाराआड कोणाची तरी माणसे असतात.