उंबऱ्यातला काळा जाळ

मित्रांनो, मी एक जुना अग्निमंत्र आहे आणि माझा जाळ डांबरासारखा काळा आहे. माझ्यावर साधे दूध तापत नाही. माझ्यापाशी बसून कोणाला अभ्यासही करता येत नाही, कारण मला उजेडच नाही. तरी मला नावे ठेवू नका. मी दुसऱ्याची आग गिळतो, आणि ते काम मला मनापासून आवडते.

माझा जन्म एका तांबटाच्या दारात झाला. घासूनपुसून अंगणात मांडलेली त्याची तांब्याची भांडी चकाकली, की आगपाखरे झेप घेत. या पाखरांच्या पंखांतून ठिणग्या गळतात. दोनदा त्या बिचाऱ्याचे छप्पर जळाले. शेवटी त्याने मंत्र बांधणाऱ्या बाईंना बोलावले. बाई मोठ्या फटकळ. तीन दिवस उंबऱ्यापाशी बसून त्यांनी मला शब्दाला शब्द जोडून घडवले आणि घरच्यांना बजावले, "एरवी हा वीतभर राहील, खुशाल ओलांडा. पाखरं आली की छपरापर्यंत चढेल आणि फक्त ओळखीच्या माणसाला वाट देईल. म्हणून प्रत्येकाने याला आपली एक खोड सांगायची. गुण सगळेच सांगतात हो, खोडीवरून माणूस पक्का ओळखू येतो."

तांबट लाजत म्हणाला, "माझ्या विनोदाला मीच आधी हसतो." त्याची बायको म्हणाली, "पत्त्यांत लबाडी केल्याशिवाय मला राहवत नाही." त्यांचा लहान मुलगा पुटपुटला, "अंघोळ न करताच केली म्हणून सांगतो." मी तिघांच्याही खोडी पोटात ठेवल्या.

पुढची वर्षे झकास गेली. पाखरे येत, मी त्यांच्या ठिणग्या मटकावत असे आणि सारी गल्ली माझे कौतुक करी. मग पाखरे येईनाशी झाली. गरज सरो, वैद्य मरो! लोक माझ्यावर ओल्या छत्र्या निथळत ठेवू लागले. एका पाहुण्याने तर पायपुसणे समजून माझ्यावर पाय पुसले. मला फार वाईट वाटले.

मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले. सुनेची माझ्याशी ओळख करून देताना सासू ऐटीत म्हणाली, "आमच्या सुनेला एकही खोड नाही." सुनेने मान खाली घातली. मला हसू आले, पण माणसांच्या मध्ये बोलायची आम्हा मंत्रांना मुभा नसते.

दोन वर्षांनी एका दुपारी सून समोरच्या नळावर पाणी भरत होती, तोच आभाळ लाल झाले. आगपाखरे, चांगली पन्नास-साठ! ती धावत दाराशी आली आणि मी छपरापर्यंत भिंतीसारखा उभा. मी तिला रोज पाहत होतो, पण मंत्र डोळ्यांनी ओळखत नाही. तिच्या बाहीवर ठिणगी पडली आणि माझ्या जिवाची नुसती तगमग झाली.

आतून सासू ओरडली, "अरे, घरचीच आहे ती. सोड तिला आत."

"आई, त्याला खोड सांगा माझी."

"तुला नाहीच गं एकही. काय सांगू?"

"आहे," सून म्हणाली. "तुम्ही रोज प्रेमाने कडू काढा देता ना, तो मी कुंडीत ओतते. पहिल्या दिवसापासून."

मी त्याच क्षणी दुभंगलो. ती आत आली आणि तिच्या मागून आलेल्या साऱ्या ठिणग्या मी गट्ट केल्या. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

सासूने सुनेची बाही विझवली, तिला छातीशी घट्ट धरले आणि मग कुंडीकडे पाहिले. "तरीच ते झाड एवढं माजलंय," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसत सुटली. सूनही हसू लागली. बाहेर पाखरे हिरमुसून परत गेली आणि आत दोघींचे हसणे थांबेना.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आपल्या माणसाचे कौतुक जरूर करा, पण इतके करू नका की तो दाराशी जळत उभा असताना त्याची ओळखच पटू नये. त्याला खोडीसकट घरात घ्या.