माशांच्या मेट्रनबाई

मेट्रनबाई भावाच्या आजारपणात एक बॅग घेऊन आल्या होत्या, पंधरा दिवसांच्या बोलीवर. भाऊ गेला, भेटायला येणारी माणसंही हळूहळू यायची थांबली, तरी बॅग पलंगाखालीच होती. धड उघडलेली नाही, धड भरलेली नाही.

जन्मभर मुलींच्या वसतिगृहात नोकरी केलेल्या बाई त्या. पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला तर त्याची अक्कल गेली म्हणून समजावं, हे त्यांनीच मुक्काम लांबवणाऱ्या पालकांना ऐकवलेलं. निवृत्त बायकांसाठीच्या एका आश्रमात त्यांची खोली ठरलेली होती. तिथली खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडायची आणि जेवायला बसलं की सगळ्या जणी आपापल्या गुडघ्यांची हकीकत सांगायच्या. बाईंना तिथे जायचं नव्हतं. पण गेलेल्या धाकट्या भावाच्या बायकोपाशी “मी राहू का?” असं विचारायला जीभ रेटत नव्हती.

मग त्यांनी एक निमित्त काढलं. बैठकीच्या खोलीत भावाची काचेची टाकी होती, फार तर ट्रंकेएवढी. तीत एंजल माशांची एक जोडी होती. पतंगासारखे चपटे, लांब पंखांचे मासे. भाऊ होता नकाशे काढणारा. कशाचंही कूळमूळ सांगायची त्याला भारी हौस. हे सिक्लिड घराण्यातले, तो म्हणायचा. बाकीचे मासे अंडी टाकून चालते होतात, हे राखण करत बसतात. जोडी नुकती कुठे जमली होती आणि तो गेला. पिल्लं बघायची राहूनच गेली.

“त्याच्या माशांची पिल्लं तेवढी मार्गी लावते,” बाईंनी भावजयीला सांगितलं, “आणि मग मी मोकळी.”

भावजय चष्म्याच्या दुकानात काम करायची. मोजकं बोलणारी बाई. “बरं, वन्सं,” एवढंच म्हणाली.

भावाने टाकीत फरशीचा एक तुकडा उभा करून ठेवला होता, तो मादीने आधी तोंडाने घासून साफ केला आणि मग त्यावर अंडी घातली. साबुदाण्याहून बारीक दाणे, ओळीने चिकटवल्यासारखे. नर आणि मादी आळीपाळीने पंखांनी वारा घालत होती. बाईंना ती शिस्त फार आवडली. वसतिगृहात असतं तसंच त्यांनी टाकीभोवतीही सुरू केलं: मोठ्याने बोलायचं नाही, दार आपटायचं नाही आणि नऊच्या ठोक्याला सगळे दिवे बंद. हयातभर त्या याच ठोक्याला बटणं दाबत आल्या होत्या. टाकीवरचा दिवाही त्यांनी खटकन बंद केला आणि सवयीने म्हणाल्या, “चला, झोपा आता.”

सकाळी फरशी लख्ख. एक दाणा शिल्लक नाही आणि आईबाप शेजारी शेजारी, तोंडं मिटून, पंगतीतून उठल्यासारखे.

दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. बाईंनी टाकीला चादरीचा आडोसा केला, पाणी बदललं, मादीला समोर घेऊन चांगली कानउघाडणी केली. नराचं तर त्यांनी तोंड बघायचं सोडलं. भावजय माशांचं खाणं आणायला दर आठवड्याला दुकानात जायची. तिला बाई म्हणायच्या, “अगं, त्या दुकानदाराला विचार तरी.” ती म्हणायची, विचारते. आणि मग, होईल हो पुढच्या वेळी, असं म्हणून कणीक मळायला घ्यायची.

एकदा भावजयीला सर्दीने धरलं आणि खाणं आणायला बाई स्वतः गेल्या. दुकानदार बोलका होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पहिलाच प्रश्न केला, “आजी, दिवा कधी बंद करता?”

बाईंनी अभिमानाने वेळ सांगितली.

त्याने कपाळाला हात लावला. एकदम काळोख झाला की आईबापाला अंडी दिसत नाहीत, तो म्हणाला. घाबरतात बिचारे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी पडण्यापेक्षा आपणच गिळून टाकतात. जवळ एक झिरोचा दिवा ठेवा की काम झालं. “पण हे मी तुमच्याकडच्या ताईंना केव्हाच सांगितलंय,” तो म्हणाला.

दिवा घेऊन बाई निघाल्या त्या तणतणतच. विसरली म्हणावं, तर कुठल्या गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याचा नंबर काय हे वर्षानुवर्षं ध्यानात ठेवणारी ही बाई. म्हणजे मुद्दामच बोलली नाही. माझ्या भावाची एवढी हौस, आणि ही गप्प बसून राहिली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी त्यांचा पाय आपोआप थबकला. पिल्लं जगली की मी जाणार, हे हिला बजावून सांगितलं होतं कुणी? मीच की. शिंपी आतून विचारत होता, काही हवंय का. बाई म्हणाल्या, काही नको, आणि सावकाश घराकडे वळल्या.

घरी येऊन त्यांनी टाकीजवळ झिरोचा दिवा लावला. भावजयीने तो पाहिला. त्या संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पुढच्या खेपेला अंडी टिकली. फरशीवर शेपट्या वळवळू लागल्या आणि मग एके दिवशी सगळा लवाजमा सुटून आईच्या अंगाभोवती धुळीसारखा तरंगायला लागला. बाप मागे राहिलेल्याला तोंडात उचलून आणून घोळक्यात सोडायचा. बाईंनी त्याला माफ करून टाकलं. भावजय कामावरून आली की आधी टाकीपाशी उभी राहायची, हसायची, आणि मग तोंड एवढंसं करून आत जायची.

पिल्लांना पंख फुटून ती एंजलसारखी दिसायला लागली तेव्हा एका दुपारी बाईंनी बॅग पलंगावर ओढली. भावजय दारात येऊन उभी राहिली.

“वन्सं, दुकानदाराने मला सांगितलं होतं. दिव्याचं. मीच बोलले नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग विचारलं का नाही?”

“तू तरी राहा म्हणालीस का कधी?”

“राहा म्हणायला तुम्ही पाहुण्या आहात का?” भावजय म्हणाली आणि तिने नाक पुसलं, सर्दी तर कधीच बरी झाली होती.

बाई पातळांच्या घड्या बॅगेतून काढून भावाच्या कपाटात ठेवत होत्या, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“मार्गी लावते म्हणाले होते ना मी,” बाई पाठमोऱ्याच बोलल्या. “आमच्याकडे एक मुलगी मार्गी लागायची, तोवर तिच्या धाकट्या बहिणीचा अर्ज आलेला असायचा. जाऊन बघ, टाकीतली ती बया पुन्हा फरशी घासायला लागलीसुद्धा. आणि ही बॅग माळ्यावर टाक. नीट आतपर्यंत सरकव, मधेच खाली यायला नको.”

नऊच्या ठोक्याला त्यांनी घरभर फिरून सगळी बटणं दाबली. टाकीपाशी मात्र आधी झिरोचा दिवा लागलाय ना ते पाहिलं, मग मोठा बंद केला.