केशरी टोपण

डॉक्टर दक्षाने शेठच्या कानाच्या कडेला सुई टोचली, रक्ताचा बारीक थेंब पट्टीवर घेतला आणि शुगरचं मशीन अमृतच्या तोंडासमोर धरलं. शेठ गुरगुरला. टोचलं की तो गुरगुरायचाच, पण तेवढंच. नखं काढणं त्याच्या आळशी स्वभावात बसत नव्हतं.

"शहाण्णव," ती म्हणाली. "काका, तुमचा बोका पास झाला."

अमृतने नुसती मान डोलावली. कैनाडहून दोन जिपा बदलून, एवढं धूड बारदानाच्या पिशवीत घालून तो तलासरीला आला होता. गुडघे ठणकत होते. बाहेर बाकड्यापाशी दोन शेळ्या आणि पाय मोडलेला एक कुत्रा नंबर लावून बसले होते आणि त्या सगळ्यांत आपणच जास्त दमलोय असं त्याला वाटत होतं.

"पास झाला म्हणजे काय, म्याडम?"

"म्हणजे सुई बंद. दोन रेघांवरून एकीवर आणलं, एकीवरून अर्ध्या रेघेवर. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा बरोबर. मांजरांचं होतं असं कधी कधी. योग्य इन्सुलिन मिळालं, खाणं सुधारलं, की शुगर मागे हटते. महिन्याने एकदा दाखवून जा फक्त."

ही आनंदाची बातमी होती. अमृतला ती आनंदाची वाटली नाही, आणि वाटली नाही याची लाजही वाटली.

"अर्धी रेघ चालूच ठेवली तर?"

"कशाला? आता गरज नसताना दिलं तर मरेल तो. पावसाळ्यात काय झालं होतं, विसरलात?"

तो विसरला नव्हता.

शेठ मूळचा मसोलीच्या वाडीतला. अमृतने तिथे बावीस वर्षं राखण केली. मालकांनी वाडी विकली, सामान ट्रकमध्ये भरलं आणि बोका ओट्यावर विसरले. विसरले की सोडून गेले, हे अमृतने कधी विचारलं नाही. तो त्याला घरी घेऊन आला. जिजाने त्याला दूधभात आणि चहात बुडवलेली बटरं चारून असा गोल केला की उंबऱ्यावर चढण्याआधी तो थांबून विचार करायचा. शेठ हे नाव त्यावरूनच पडलं. मग एकाएकी तो पाणीच पाणी प्यायला लागला, वाळत गेला, मागचे पाय फरफटवत चालू लागला.

"याला माझाच आजार झाला," जिजा म्हणाली होती. डॉक्टरच्या आधी तिनेच ओळखलं.

आणि घरात इन्सुलिन होतंच. जिजाची सरकारी दवाखान्यातली बाटली, दुधट रंगाची, ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवलेली. आजार तोच, तर औषधही तेच, असं म्हणून अमृतने आठवडाभर शेठला त्यातलंच टोचलं. शेठ सकाळी मलूल पडायचा आणि संध्याकाळी पुन्हा पाण्याच्या भांड्यात तोंड घालून बसायचा. शेवटी तो त्याला तलासरीला घेऊन गेला, तेव्हा दक्षाने त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. काकींचं औषध मांजराच्या अंगात फार वेळ टिकत नाही, ती म्हणाली. शुगर एकदम खाली आणतं आणि तशीच पुन्हा वर सोडून देतं. याला सावकाश चालणारं हवं. तिने दुसरी बाटली लिहून दिली, पाण्यासारखी स्वच्छ, आणि तिच्यासाठी केशरी टोपणाच्या सिरिंजा.

"काकींची बाटली चाळीसची, ही शंभरची. रेघा दोन्ही सिरिंजांवर सारख्याच दिसतात, पण औषध सारखं जात नाही. काकींना लाल टोपण, शेठला केशरी. अदलाबदल करायची नाही."

अमृतच्या घरात युनिट हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. रेघा म्हणायचे. जिजाच्या सोळा, शेठच्या दोन. त्यामुळे पावसाळ्यात रस्ता बंद होता आणि केशरी सिरिंजा संपल्या, तेव्हा त्याने लाल सिरिंजेत ती पाण्यासारखी बाटली ओढली. दोनच रेघा, उजेडात धरून मोजलेल्या. दुपारी शेठ चुलीपाशी आडवा पडलेला सापडला, डोळे उघडे, पाय झटके देत होते. जिजाने बोटाने त्याच्या हिरड्यांना गुळाचं पाणी चोळलं. चोळतच राहिली, तो जीभ हलवीपर्यंत. अडीच पट औषध गेलं होतं, हे अमृतला नंतर कळलं.

पण आता दक्षासमोर उभं असताना त्याच्या डोक्यात शेठ नव्हता, जिजा होती.

गेल्या वर्षी तिच्या पायाचं बोट काढावं लागलं आणि घरी आल्यावर तिने सुई सोडून दिली. "बोट गेला तो गेलाच. आता कशाला टोचून घेऊ?" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी अमृतला स्पष्ट सांगितलं होतं की सुई नसेल तर आधी पाय जाईल आणि मग ती. सुरतेला दिलेली लेक शितल फोनवर रडली. आरोग्य केंद्राच्या आशाताईने येऊन रागावून पाहिलं. अमृतने एक दिवस जेवण सोडलं, तर जिजाने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा पाठ फिरवली. त्याने हात टेकले होते.

मग शेठची पहिली सुई आली. सिरिंज बघून तो खाटेखाली घुसला तो बाहेर येईना. तेव्हा जिजा उठून बसली, लुगडं सारखं केलं आणि दंड पुढे केला.

"आण. आधी मला टोच. त्याला बघू दे."

तेव्हापासून हाच रिवाज पडला. सकाळ-संध्याकाळ आधी तिच्या सोळा, मग शेठच्या दोन. पाच महिने झाले, एक वेळही चुकली नव्हती. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण आपली बायको या बोक्याच्या जिवावर जगतेय, हे अमृतला पक्कं ठाऊक होतं.

"म्याडम, नुसती रिकामी सुई टोचली तर?"

"काका, कशाला त्रास देताय त्याला?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते सांगायला फार बोलावं लागलं असतं. त्याने शेठला पिशवीत कोंबलं आणि निघाला.

संध्याकाळी जिजाने विचारलं, "काय बोलली डाक्टरीण?"

"बरा आहे. सुई चालू ठेवायला सांगितली."

त्याने मडक्यातून दोन्ही बाटल्या काढल्या. दुधट बाटली तळहातांत घोळवली, सोळा रेघा ओढल्या, जिजाच्या दंडाला टोचल्या. मग तिच्याकडे पाठ करून तो शेठपाशी उकिडवा बसला. केशरी सिरिंज तशीच, टोपणासकट, त्याच्या मानेच्या केसांत दाबली आणि काढून घेतली. शेठचं तोंड उकडलेल्या मासळीत होतं. त्याने मानही वर केली नाही.

"आज गुरगुरला नाय तो," जिजा म्हणाली.

"सवय झाली असेल."

जिजा शेठच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

खोटं बोलणं एकदा जमतं. रोज दोनदा, वेळ सांभाळून बोलायचं म्हणजे माणूस थकतो. शेठ आता कौलांवर चढायला लागला होता, सुईच्या वेळी त्याला हाका मारून खाली आणावं लागे. अमृत अंगणात उभा राहून हाका मारी, पाठ करून बसे, टोपण दाबी आणि पाण्यासारखी बाटली पुन्हा वाळूत पुरून ठेवी. ती फेकून द्यायची हिंमत त्याला झाली नाही. मडक्यात एकच बाटली दिसली तर जिजा विचारणार, आणि मग काय सांगायचं?

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी त्याला चारोटीला बहिणीच्या घरी जावं लागलं. तिच्या नातीच्या लग्नाची बोलणी होती. दुपारपर्यंत परततो म्हणून तो गेला, पण बोलणी लांबली, आणि निघाला तर हायवेवर ट्रक उलटलेला, जिपा जागच्या जागी उभ्या. संध्याकाळची वेळ टळून गेली. जिजाने आजवर स्वतःच्या हाताने कधी सुई घेतली नव्हती. एक वेळ चुकली की दुसरी चुकेल, आणि मग ती पुन्हा भिंतीकडे तोंड करील. जिपेत दाटीने बसल्या बसल्या तो दुसरं काही विचारच करू शकला नाही.

घरी पोचला तेव्हा दिवा लागला होता. जिजा चुलीपाशी भाकरी थापत होती.

"जेवलीस?"

"आता जेवते. सुई घेतली."

"कुणी दिली?"

"कोण देणार? मीच घेतली. सोळा रेघा, मोजून."

अमृतला एवढं हलकं वाटलं की तो उंबऱ्यातच टेकला. आणि मग त्याला मडक्यातली दुसरी बाटली आठवली.

"आणि शेठ?"

"त्याला पण दिली ना."

तो उठला तो थेट खाटेकडे. शेठ अंगाचं मुटकुळं करून पडला होता. अमृतने त्याला सरळ केलं, पापणी वर करून पाहिली, मागचे पाय चाचपले. शेठ त्रासून गुरगुरला. पावसाळ्यातही सकाळी तो असाच धड दिसत होता, आडवा पडला तो दुपारी. अमृत फळीकडे धावला. गुळाचा डबा उघडेना, झाकण घट्ट बसलं होतं. आपल्या खोटेपणाने याचा जीव घेतला, याखेरीज त्याला काही सुचत नव्हतं.

"गूळ कशाला?" जिजाने विचारलं.

"किती दिलीस त्याला? जिजा, किती रेघा दिल्यास?"

"तू देतोस तेवढ्याच."

पिठाच्या हाताने तिने कोनाड्याकडे दाखवलं. तिथे लाल सिरिंज होती, दट्ट्या तळाला टेकलेला, टोपण काढून बाजूला ठेवलेलं. तिच्या शेजारी केशरी सिरिंज. तिचं टोपण जागच्या जागी होतं.

अमृत डबा छातीशी धरून उभा राहिला. जिजाने तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या, फुगू दिली. शेठ खाटेवरून उतरला आणि सुईची वेळ झाल्यासारखा येऊन दोघांच्या मधे बसला.

"सकाळी लवकर उठव," जिजा म्हणाली. "आधी मला, मग त्याला. आणि तो गूळ तूच खा. तोंड बघ कसा झालाय तुझा."